आई, तो गजर आता बंद केलाय

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं झालीत. आमची चिमुकली झोपलीये. शेवटचं दूध पावणेबाराला झालं, म्हणजे तीन तास कधीच उलटलेत, आणि मी तिला उठवत नाहीये. आई, हे वाचून तुला हायसं वाटेल. पण आज उठवत नाहीये ते केवळ 'झोपलेल्या लेकराला उठवू नये' असं तू म्हणत होतीस म्हणून नाही, आणि इतके दिवस उठवत होते तेही तुझा शब्द मोडायचा म्हणून नव्हतं. हे फोनवर सांगायला गेले की तू 'बरं बरं' म्हणतेस आणि फोन बाबांच्या हातात देतेस. म्हणून लिहायला बसले.

आधी जे ठरलंय ते सांगते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पुढचे दोन महिने रात्री आम्ही दोघंच बघणार. तुम्ही दिवसा या, हवं तितकं बसा, दुपारभर तिला मांडीवर घेऊन बसा, पण झोपायला तुमच्या घरी जा. आई, दहाव्या दिवशी तुला चक्कर आली तेव्हा वरचं ब्लड प्रेशर एकशे सत्तरच्या वर होतं. माझ्या प्रत्येक गजराला माझ्याआधी तू उठून बसायचीस. मी 'झोप गं' म्हटलं की डोळे मिटून पडायचीस, आणि मला कळायचं की तू जागी आहेस. तुझा राग आला म्हणून मी तुम्हाला जायला सांगितलं नाही. बाळाकडे बघू की तुझ्याकडे, असं मला होऊन गेलं होतं. तू म्हणशील मग मी नुसती पडून राहिले असते. आई, तुला नुसतं पडून राहता येत नाही. आम्हाला कोणालाच आठवत नाही तू कधी नुसती पडलेली.

आता त्या रात्रीचं. घरी आल्याची पहिलीच रात्र, तिचा तिसरा दिवस. दोन वाजताचा गजर तू बंद केलास. मला माहीत आहे का केलास. तीन दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि तुझ्या डोळ्यांसमोर तुझं लेकरू मी होते. मला जाग आली ती चार चाळीसला, छाती दगडासारखी घट्ट, कपडे भिजलेले, आणि ती अजून झोपलेली. त्यानंतर माझ्या तोंडून जे गेलं ते मी इथे परत लिहीत नाही. तू काही बोलली नाहीस. तिची दुपटी घडी घातलेलीच होती, ती उलगडून पुन्हा घडी घालत बसलीस. बाबा, तिच्या दुधाच्या वेळा तुम्ही लिहायचात त्या वहीत त्या रात्रीच्या दोन ओळी आहेत. ११.१०, आणि त्याखाली ४.४०. मधे तुम्ही एकही शेरा लिहिला नाहीत. मी ते पान रोज उघडते.

दुसऱ्या दिवशी वजन केलं तेव्हा २ किलो ३७० भरलं. जन्माचं २ किलो ६००. आई, माझा धीर सुटला तो तिथे. पण ते वजन त्या एका रात्रीत गेलेलं नव्हतं. पहिल्या काही दिवसांत जवळजवळ सगळ्याच बाळांचं वजन उतरतं, जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत, कधी दहाही, आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बाळं ते भरून काढतात. हिचं जवळजवळ नऊ टक्के उतरलं होतं, हळूहळू, तिन्ही दिवसांत मिळून. तू गजर बंद केला नसतास तरी काटा फारसा वेगळा दिसला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही.

'झोपलेल्या लेकराला उठवू नये, भूक लागली की आपोआप रडेल,' असं तू म्हणायचीस, आणि भरल्या अंगाच्या, वजन वाढणाऱ्या बाळाबद्दल ते खरंच आहे. हिची गोष्ट तेव्हा तशी नव्हती. सदतिसाव्या आठवड्यात आलेली, अंगानं लहान, त्यात चौथ्या दिवशी डोळ्यांत पिवळसर झाक. अशा बाळाला भूक लागते, पण त्या भुकेनं जागं व्हायची ताकद कमी असते. पोटात दूध कमी गेलं की शी कमी होते. कावीळ करणारं ते बिलिरुबिन शीतूनच बाहेर पडायचं असतं, ते आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. मग गुंगी वाढते, आणि गुंगीतलं बाळ आणखी कमी पितं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दिसतं काय, तर किती शांत बाळ आहे. म्हणून डॉक्टरांनी मला तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका असं बजावलं होतं, आणि तेही पाजायला सुरुवात केल्यापासून मोजायचे, संपल्यापासून नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा.

आई, आता जे लिहिणार आहे ते तू एकटी असताना वाच. किंवा बाबा, तुम्ही वाचून दाखवा आणि तिथेच बसा.

'शांत आहे हो, अगदी दादासारखी,' असं तू तिसऱ्या दिवशी कौतुकानं म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. आत्याकडून मला सगळं कळलेलं आहे, खूप वर्षांपूर्वीच. आपण घरात दादाच्या त्या पाच दिवसांबद्दल बोलत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पण त्या रात्री मी तेच काढलं, तेही तुझ्यावर फेकायला. आई, तेव्हा तुझं काहीही चुकलं नव्हतं. तुला सगळे सांगत होते की बाळ शहाणं आहे, रडत नाही, तूही जरा झोपून घे. काटा कोणी आणला नव्हता, शू किती वेळा झाली ते कोणी विचारलं नव्हतं. पहिलटकरणीनं हे कुठून ओळखायचं? मला सांगायला डॉक्टर होते, वही लिहायला बाबा होते, तरी मला ओळखता आलं नसतं. आणि दवाखान्यात न्यायचा हट्ट शेवटी तूच धरलास, हेही आत्यानंच सांगितलं.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट यात सापडली. दादाला काविळीसाठी ज्या दिव्याखाली ठेवलं होतं, त्या उपचाराची सुरुवात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात झाली. तिथल्या वॉर्ड नावाच्या सिस्टर वेळेआधी जन्मलेल्या बाळांना उन्हात न्यायच्या. १९५६ मध्ये एका बाळाच्या अंगाचा जेवढा भाग चादरीच्या कोपऱ्यानं झाकला गेला होता तेवढाच पिवळा राहिलाय आणि बाकीचं अंग निवळलंय, असं त्या सिस्टरनीच डॉक्टरांना दाखवलं. १९५८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि पुढे ते दिवे जगभर गेले. बाळांना रोज हाताळणाऱ्या एका बाईमुळे. पण म्हणून हिला उघड्या उन्हात ठेवायचं नाही, बाबा. कोवळी कातडी भाजते, आणि खऱ्या काविळीला ते पुरतही नाही. हिला दिव्याची गरज लागलीच नाही, दूध पोटात जायला लागलं तशी झाक आपोआप गेली.

तिला उठवायचे कसे, हे तू बघत होतीस आणि तुझा जीव वर-खाली व्हायचा. म्हणून सांगते, मी तिला कधी दचकवून उठवलं नाही. अगदी गाढ असेल, हात उचलून सोडला तर लुळा पडेल, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं थांबायचे. तान्ह्या बाळाची निम्मी झोप उथळ असते. पापण्या थरथरल्या, ओठ चुटचुट करायला लागले, मूठ तोंडाकडे गेली की तीच वेळ. दुपटं सोडायचं, डायपर बदलायचा, नुसत्या अंगानं छातीशी घ्यायचं. दिवा मंद, कारण झगझगीत उजेडात ती डोळे आणखी घट्ट मिटायची. पिता पिता पेंगली की बाजू बदलायची. एवढ्यानं नाही जमलं तर तळपायावरून हळूच बोट फिरवायचं.

हे तळपायाचं मला कोणी शिकवलं नाही. शाळेच्या दिवसांत सकाळी तू मला अशीच उठवायचीस. हाक मारायची नाहीस. पांघरूण पायाकडून जरासं वर करून एक बोट फिरवायचीस, मी पाय आत ओढून घ्यायचे, आणि मग दुसऱ्या पायावरून. ओल्या हाताचा तो गारवा मला अजून आठवतो. आई, झोपलेल्या लेकराला उठवू नये म्हणणारी तू, मला दहा वर्षं रोज उठवत होतीस, आणि मला एकदाही दचकून जाग आली नाही.

चौदाव्या दिवशी वजन २ किलो ६४० झालं. जन्माचं भरून निघालं, वर चाळीस ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, आता रात्री गजर लावू नका, ही मागेल तेव्हा द्या. मला पटलं, पण धीर झाला नाही. आणखी आठवडाभर मी लावतच राहिले. परवा २ किलो ९०० भरल्यावर काल पहिल्यांदा गजर बंद केला. काल तिनं सलग चार तास झोप काढली, मग स्वतःच कुरकुरली, आणि काय जोरानं प्यायली! घशातून गट-गट आवाज येत होता. दिवसाला सहा-सात डायपर ओले होतात, शी हळदीसारखी पिवळी, डोळे स्वच्छ. मी मात्र दर तीन तासांनी टक्क जागी होते आणि तिच्या छातीवर हात ठेवून बघते. तूही असंच करत असशील. दादानंतर माझ्या वेळी तर नक्कीच.

माझी काळजी करू नकोस. उशाशी पाण्याची बाटली असते, गरम पाण्याची पिशवी असते, पाठीला तू ठेवून गेलीस तीच लोडासारखी उशी आहे. जेवण वेळेवर होतं. दुपारी दोन तास फोन बंद करून मी तिच्याबरोबर झोपते. रात्री पाजून झालं की ढेकर काढायचं काम तुमच्या जावयांचं, ते खांद्यावर घेऊन खोलीभर फिरतात आणि ती पाच मिनिटांत पेंगते. रात्रीचं एखादं पाजणं त्यांच्यावर सोपवून सबंध रात्र झोपावं असं तू सुचवलं होतंस. ते अजून महिनाभर तरी नको. दूध वाढवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं, आणि या पहिल्या आठवड्यांत छाती जितकी रिकामी होते तितकं दूध बनतं. पण माझ्या झोपेबद्दल तुझं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या पहाटे सलग झोप झाल्यावर माझं डोकं तीन दिवसांत पहिल्यांदा हलकं झालं होतं. तेवढं मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं भलतंच.

आता ऐका. आई, ब्लड प्रेशरची गोळी सकाळी, रोज, एकाच वेळी. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आठवड्यातून दोनदा मोजून बाबांनी लिहून ठेवायचं, तुमच्याकडे तशी दुसरी कोरी वही आहे, बाबा. रात्री पाणी प्यायला उठलीस तर दिवा लावून उठ, अंधारात चाचपडत नको. बाबा, जिना उतरताना कठडा धरा. आणि दोघांनीही डॉक्टरांना विचारून डांग्या खोकल्याची लस घ्या. घेतल्यावर दोन आठवडे होऊ द्या, मगच तिला तोंडाजवळ घ्या. तोपर्यंतही या, हात धुऊन मांडीवर घ्या. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र मन मारून घरी थांबा. मी येऊ नका म्हणते असं मनात आणू नका. पाळण्यात तिला पाठीवरच झोपवायचं, उशी नको, पांघरूण तोंडाजवळ नको. पाण्याचा थेंब नको, मध तर वर्षभर नाही. आणि तिचं अंग गरम लागलं, थर्मामीटरवर १००.४ दिसलं, तर 'बघू सकाळी' करायचं नाही, मला तेव्हाच सांगायचं.

तिचे ओठ हलायला लागलेत. उठेल बहुतेक. मी थांबते, तिची तीच उठू दे.

आई, उद्या संध्याकाळी मी फोन करीन. लगेच बाबांकडे देऊ नकोस.

तुमची,
धाकटी