बाळा, त्या मुलीचा फोन उचल

प्रिय बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्यानंतर मी दोनदा लावला, तू उचलला नाहीस, मग सूनबाईचा मेसेज आला की तो गाडी चालवतोय. असू दे. मी रागावलेली नाही. फोनवर तुझा आवाज चढला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहायला घेतलंय. मोबाईलवर एका बोटाने टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घे.

आधी माझी चूक. "इंजिनियर केलं ते काय म्हाताऱ्या माणसांच्या दारात उभं राहायला" हे मी बोलायला नको होतं. कुणाच्या तरी दारात उभं राहूनच बाबांनी तुला इंजिनियर केलं, आणि बाबांनी उतरवलेल्या विम्यांचं रिन्युअल कमिशन आजसुद्धा माझ्या खात्यावर जमा होतं, त्यातून माझी बीपीची गोळी येते, आणि मीच असं बोलावं. तुला लागलं ते बरोबरच आहे. आणि खरं सांगू का, इथे शेजारी विचारतात तेव्हा मी "फायनान्समध्ये आहे" असं सांगते. ते पण आता नाही सांगणार. अमेरिकेत विमा विकतो म्हणून सांगेन.

पण बाळा, त्या मुलीचा फोन उचल.

हे एकदाच सांगणार होते, पत्राच्या शेवटी. आधीच निघालं.

तू म्हणालास, ज्यांचा अंत्यविधीचा विमा तू काढलास त्या किन्स्टनच्या आजी गेल्या, झोपेतच गेल्या, आणि त्यांच्या मुलीचे रोज तीन-चार फोन येतायत आणि मी घेत नाहीये, कारण सांगण्यासारखं काही नाही, सगळं कागदावर लिहिलेलं आहे, सही आहे. तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मी तिथे होते ना. जुलैमध्ये तूच मला घेऊन गेलास, घरी एकटी बसून कंटाळशील म्हणून. तुमच्या कॅरीपासून गाडीने दीड तास, दोन्ही बाजूला तंबाखूची शेतं, आणि तू गाडीत सांगत होतास की नेवार्कला 1875 साली एका कंपनीने गरिबांच्या अंत्यविधीसाठी असा विमा काढला होता, आठवड्याला काही सेंट गोळा करायला माणूस दारोदार जायचा. मला लगेच बाबांची लुना डोळ्यासमोर आली, तू हसलास पण.

त्या आजींचं घर मला पाठ आहे. पोर्चवर दोन खुर्च्या, एकीचं वेताचं बूड फाटलेलं. आत ते ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं आणि नाकातली नळी इतकी लांब की ती घरभर त्यांच्या मागे फिरायची, चहा आणायला किचनमध्ये गेल्या तेव्हा दाराच्या फटीत अडकली, मी उठून सोडवली. त्यांनी मला बर्फ घातलेला गोड चहा दिला आणि माझा हात धरून काहीतरी म्हणाल्या, तू सांगितलंस, "तुमचा मुलगा चांगला आहे म्हणतायत." भिंतीवर त्रिकोणी पेटीत घडी घातलेला झेंडा होता, नवऱ्याचा. आणि तुझं ते पोस्टाने गेलेलं कार्ड, ज्याला तुम्ही लीड म्हणता, एकेका कार्डाचे तू चाळीस-चाळीस डॉलर भरतोस, त्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी बायबलमध्ये जपून ठेवला होता.

तू चांगलं काम केलंस, हे मी बघितलं. ऑक्सिजनवरच्या माणसाला कुणी घेत नाही, तू टॅब्लेटवर चार कंपन्या बघितल्यास, शेवटी ती एकच निघाली, तब्येतीचे प्रश्न न विचारणारी, पण पहिल्या दोन वर्षांत नैसर्गिक मरण आलं तर पूर्ण रक्कम नाही, फक्त भरलेले हप्ते आणि वर 10 टक्के. हे तू त्यांना सांगितलंस. मी "टू इयर्स" ऐकलं, तेवढं इंग्रजी मला येतं. पण एकदाच सांगितलंस बाळा. आणि मग तू बँकेचा नंबर टाइप करत होतास, तिसऱ्या बुधवारी त्यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, येते म्हणून हप्ता त्या दिवसाला बांधत होतास, तेव्हा त्यांनी विचारलं की म्हणजे माझ्या मुलीला काही भरावं लागणार नाही ना. हे त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तू मान वर न करता "नो मॅम" म्हणालास.

मला कदाचित नीट समजलं नसेल. तू म्हणशील आईला इंग्रजी येत नाही आणि वकिली करते. पण त्या बाईचा चेहरा मी बघत होते, तू टॅब्लेट बघत होतास. त्यांचा जीव त्या एका वाक्याने खाली पडला.

येताना तू खूष होतास, दोन आठवड्यांनी पहिली पॉलिसी झाली होती. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा मिळाल्या, अगदी आपल्यासारख्या, आपण दोघांनी गाडीतच संपवल्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण तुझा चेहरा कितीतरी दिवसांनी असा दिसला होता. ग्रीन कार्ड आलं आणि सहा महिन्यांत नोकरी गेली, तेव्हापासून तू जेवताना सुद्धा मोबाईलवर बघत असायचास.

परवा कॅलेंडरच्या मागे हिशोब केला. महिना 94 डॉलर, सात हप्ते, 658, त्यावर 10 टक्के. 724 पण होत नाहीत. ती मुलगी पॉलिसीचे पूर्ण 10,000 धरून बसली असेल. तूच मला सांगितलं होतंस की तिथे पुरायचं म्हटलं तर साधारण 8,300 डॉलर लागतात, 2023 चा आकडा, त्यात कबरीची जागा वेगळी. अपघाताने गेल्या असत्या तर पूर्ण मिळाले असते आणि झोपेत शांत गेल्या म्हणून नाही, हे मला अजून पचत नाही, पण तो कंपनीचा नियम, तू काय करणार. तुझंही कमिशन त्यांनी परत ओढलं, तो चार्जबॅक बसला म्हणून तू अजून चिडलेला आहेस, ते कळतं मला. आगाऊ दिलेले पैसे परत घेतात ही पद्धतच मला आवडत नाही. बाबांना हप्ता आला की मग कमिशन यायचं, थोडं यायचं, पण आलेलं परत जायचं नाही. तू नऊ महिन्यांचं एकदम घेऊ नकोस रे, हप्ता येईल तसं घे, कंपनीला सांगून तसं करता येतं असं तूच म्हणाला होतास. घराचा हप्ता त्या पैशावर बांधू नकोस. बरं, हे लेक्चर झालं. तुझा धंदा तुला कळतो. माफ कर.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला चार दिवस लागलेत.

तू चौथीत होतास. तुला आठवतं का माहीत नाही, मी तुला कधी विचारलं नाही. कराडजवळच्या मसूर गावाकडची एक बाई आपल्या दारात आली होती, हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्या नवऱ्याची पॉलिसी बाबांनी उतरवली होती, पन्नास हजारांची. त्याला शुगर होती. बाबांना माहीत होतं. फॉर्मवर मधुमेहाच्या रकान्यात बाबांनी "नाही" लिहिलं, मार्च एन्डिंग होतं, आणि तोही म्हणाला लिहा हो काय होतंय. दीड वर्षाच्या आत तो गेला, हार्ट अ‍ॅटॅक. चौकशी झाली, दवाखान्याच्या कागदांवर शुगर निघाली, क्लेम नामंजूर. ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी तुला सांगितलं, बाहेर जा आणि बाबा घरी नाहीत म्हणून सांग. तू गेलास आणि सांगितलंस. शाळेचा गणवेश होता तुझ्या अंगावर, बटण तुटलेलं.

ती तीनदा आली. तिसऱ्यांदा मी चहा केला. तिने पिशवीतून सगळ्या पावत्या काढून चटईवर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "वैनी, बघा की, एक बी हप्ता चुकला न्हाई." मला काय बोलावं कळेना. मी म्हणाले ते बाहेरगावी आहेत. आतून बाबांचा खोकल्याचा आवाज आला. तिने ऐकला. तिने पावत्या गोळा केल्या, चहा तसाच ठेवला आणि गेली.

बाबांनी नंतर दोन वर्षं तिला मनीऑर्डर केली, कुणाला सांगितलं नाही. मनीऑर्डर परत आली नाही, म्हणजे तिने घेतली. पण कराडच्या बाजारात भेटली की माझ्याकडे बघायची नाही. आणि त्यानंतर बाबा फॉर्मवर शुगर, बीपी, बिडी, सगळं लिहायचे, लोक वैतागून दुसऱ्या एजंटकडे जायचे, तरी लिहायचे. ते सगळं त्यांनी सुधारलं. पण त्या दिवशी बाहेर आले नाहीत ते नाहीच आले, आणि शेवटच्या आजारपणात दारावर कुणी आलं की विचारायचे, "कोण आहे, मसूरची का?"

तू फॉर्मवर खोटं लिहिलेलं नाहीस. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मला कळतं. पण बाळा दार तेच आहे, म्हणून मला झोप लागत नाही.

तू फोन घे आणि आधी ऐकून घे. तिला ओरडू दे. मग जे आहे ते आकड्यासकट सांग, 724, आणि तिच्या आईने दोनदा विचारलं होतं हे पण सांग, मी तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं असं म्हण. वकिलाच्या भाषेत बोलू नकोस. आणि नुसतं बोलून सोडू नकोस, तिला मदत कर. तूच मला सांगितलं होतंस ना की तिथल्या फ्युनरल होमना फोनवर भाव सांगावाच लागतो, 1984 पासून कायदा आहे, आणि एकाच गावात दोन ठिकाणी केवढा फरक निघतो. मग तीन-चार ठिकाणी तूच फोन कर. साधं क्रिमेशन विचार, कसल्याही सोहळ्याशिवायचं, ते बरंच स्वस्त पडतं म्हणालास. आणि तो भिंतीवरचा झेंडा! तू येताना सांगितलेलंस की ज्यांचे नवरे सैन्यात होते त्या बायकांना पण लष्करी स्मशानभूमीत जागा मिळते, खड्डा, दगड, सगळं सरकारचं, पैसे नाहीत. त्या मुलीला हे माहीत आहे का? तिला विचार की वडील कुठे आहेत. तिथेच असतील तर आईला त्यांच्याजवळच जागा मिळेल. माणूस गेल्यावर सरकार देतं ते 255 डॉलर मात्र तिला मिळणार नाहीत, ते नवरा-बायकोला किंवा लहान मुलांना, त्यामुळे उगीच आशा लावू नकोस.

आपल्याकडे माणूस गेला की गल्लीतली पोरं तिरडीचं सामान आणायला धावतात, पैसे कुणी दिले ते तेराव्यानंतर कळतं. माईंच्या वेळी तर सरपणाचे पैसे कुणी दिले ते आजपर्यंत कळलं नाही. तिथे त्या पोरीच्या बाजूला कोण आहे देव जाणे. म्हणूनच तुझं काम मला आता हलकं वाटत नाही. ते बूटाच्या खोक्यात जुनी पॉलिसी ठेवलेले आजोबा आठवतात? तू त्यांना म्हणालास ही बंद करू नका, हिची दोन वर्षं कधीच संपलीत, नवीन घेतलीत तर पुन्हा शून्यापासून सुरू होईल, आणि उठून आलास, कमिशन गेलं, पेट्रोल गेलं. मी ते इथे भिशीत सगळ्यांना सांगितलं. सगळ्या म्हणाल्या बापावर गेलाय. मी काही बोलले नाही पण मला मनात वाटलं की बापापेक्षा चांगला झालाय.

तू घाबरला आहेस, हे पण मला माहीत आहे. चौथीतल्या मुलाला आपण दाराशी उभं केलं, ते मी थांबवलं नाही, त्याची माफी मी तुझी कधी मागितली नाही. आता मागते.

फोन उचलशील तर मला मिस्ड कॉल दे. इथे कितीही वाजलेले असू देत, मी जागीच असते. आत्या बावीस तारखेला येतेय तिकडे, तिच्याजवळ मेतकूट आणि छोटीचा फ्रॉक देतेय. रात्री त्या शेताच्या रस्त्यांवरून एकटा गाडी हाणू नकोस, हरणं आडवी येतात.

तुझी,
आई

ता. क. त्या मुलीला सांग की माझ्या आईने तुझ्या आईच्या हातचा चहा घेतला होता, आणि तिला तुमच्या आई फार आवडल्या होत्या. इंग्रजीत कसं म्हणतात ते तू बघ.