आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आरोग्याच्या सॉफ्टवेअरचा शेवटचा हप्ता आरोग्य सेविकेच्या सहीनंतरच द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

आरोग्य सेविकांवर लादलेल्या पोर्टलांबद्दल ही तक्रार आहे. सरकारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या बाजूने हे लिहितो आहे, तेव्हा तक्रारीत माझ्या व्यवसायाचाही वाटा धरावा.

आरोग्य सेवांच्या मासिक आकड्यांसाठीचे एचएमआयएस पोर्टल २००८ मध्ये आले. पाठोपाठ माता-बालकांच्या नोंदींसाठी एमसीटीएस आले आणि पुढे त्याची जागा आरसीएच पोर्टलने घेतली. क्षयरोगासाठी निक्षय, साथींसाठी आयएचआयपी, लसीकरणासाठी यू-विन. सुटे पाहिले तर यातले एकही अनावश्यक नाही. मंत्रालयात प्रत्येकाचा कक्ष वेगळा, अधिकारी वेगळा. उपकेंद्रात मात्र ही सगळी एकाच आरोग्य सेविकेच्या पदरात पडतात. एकाच गरोदर बाईची नोंद ती रजिस्टरमध्ये करते, मग पोर्टलवर, महिनाअखेरीस पुन्हा आकड्यांत. रजिस्टर बंद करायला कोणी धजत नाही, कारण पोर्टलवर साहेबांचाही पुरता विश्वास नसतो.

यात नुकसान कुठे होते ते आयएचआयपीत नीट दिसते. जुन्या पद्धतीत तापाच्या, जुलाबाच्या रुग्णांचे आकडे आठवड्यातून एकदा वर जात. साथ त्याच दिवशी कळावी म्हणून एप्रिल २०२१ मध्ये नवी प्रणाली देशभर सुरू झाली. पण सेविका दिवसभर गृहभेटींत, वाडीवर रेंज नाही, म्हणून नोंदी रजिस्टरमध्ये साठतात आणि शनिवारी एकदम भरल्या जातात. म्हणजे एवढा खर्च करून आपण पुन्हा आठवड्यावरच आलो! वरच्यांच्या व्हिडिओ बैठकीत नोंदी भरल्या म्हणून तालुका हिरवा दिसला की सगळे खूश.

दुसरी अडचण निविदेतली. आपण सॉफ्टवेअर पुलासारखे घेतो: काम झाले, दाखला दिला, देयक काढले. आरोग्याचे नियम मात्र बदलत राहतात. जानेवारी २०२३ पासून पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस नवव्या महिन्यात आला. कागदावर ते एक परिपत्रक. सॉफ्टवेअरमध्ये देय लाभार्थ्यांची यादी, तारखांची तपासणी, मासिक अहवाल, सगळीकडे हात घालावा लागतो. कंत्राट संपलेले असेल तर तो कोण घालणार?

केंद्राची पोर्टले तुमच्या हातात नाहीत, हे मान्य. राज्याच्या निविदा आहेत. त्यात एवढे लिहून घ्या की शेवटचा हप्ता धडगाव, एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यांतल्या सेविकांनी महिनाभर, रेंज नसतानाही, ते सॉफ्टवेअर वापरून सही केल्यावरच निघेल. सही करायची नसेल तर कारण लिहायची मोकळीक त्यांना हवी, आणि त्यासाठी त्यांना कारणे दाखवा नोटीस निघता कामा नये. देखभालीचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा धरा, सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, शासनाच्या ताब्यात ठेवा.

आणि पुढच्या ॲपची फाइल सहीसाठी टेबलावर आली की त्या अधिकाऱ्याला विचारा, याच्या बदल्यात कोणते रजिस्टर कोणत्या तारखेला बंद होणार? उत्तर फाइलीत नसेल तर ती परत पाठवा.

आपला,
सरकारी कामांवरचा एक सॉफ्टवेअर अभियंता