उर्वशीला शेंग धरली!

प्रिय शुभे,

हातातलं काम बाजूला ठेव आणि आधी हे वाच. राणीच्या बागेतल्या आपल्या उर्वशीच्या झाडाला शेंग धरली आहे! भाचीला घेऊन गेले होते. तिला पेंग्विन बघायची घाई आणि मी झाडाखाली मान वर करून उभी. तुऱ्यातली फुलं बहुतेक गळून गेलेली, आणि एका लोंबत्या देठाला चपटी, विळ्यासारखी वाकडी, लालसर शेंग. पंजाएवढी असेल. मी मोठ्याने "शुभे!" म्हणून ओरडले. भाचीला वाटलं, कुणी ओळखीचं भेटलं.

आठवतं ना, बाई म्हणायच्या, लागवडीतल्या उर्वशीला बी क्वचितच धरतं, गुटी बांधल्याशिवाय, म्हणजे झाडावरच फांदीला माती बांधून मुळं फुटवल्याशिवाय, गत्यंतर नाही. तेव्हापासून मला एकच घोर आहे. गुटीने रोप मिळतं, पण ते त्याच झाडाचं पुन्हा तेच रूप. नवा जीव बीतूनच यायचा. १८२७च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिचने ही झाडं ब्रह्मदेशात पाहिली तीसुद्धा सालवीन नदीकाठच्या एका पडक्या मठाच्या बागेत. जवळच्या गुहांमधल्या बुद्धमूर्तींपुढे हीच फुलं वाहिलेली होती. रानात तर ती फारच थोड्या जणांना सापडली आहे. म्हणजे तिचं सगळं माणसाच्या हातावर अवलंबून. आणि आपली बाग १८६२ची. तिथले जुने वृक्ष म्हातारे झालेत गं. पावसाळ्यात रात्री वारा सुटला की मला झोप लागत नाही.

आता तू म्हणशील, "परदेशी झाडाचं एवढं काय कौतुक?" त्या भांडणात तू माझा डबा न खाता निघून गेली होतीस, आणि डब्यात पुरणपोळी होती, हे मी अजून विसरलेले नाही. तुझ्या देवराया मला मान्यच आहेत. पण राणीच्या बागेच्या ५३ एकरांत पावणेतीनशेवर जातींची झाडं एकत्र वाढली आणि त्यांच्या आधाराने एक आख्खा संसार उभा राहिला, तो तू संध्याकाळी थांबून बघ. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची, पण तिची पांढरी फुलं दिवस मावळताना उमलतात ती वटवाघळांसाठीच. तीच वटवाघळं उंबर-वडाची फळं खाऊन बिया दूरवर टाकतात. त्याच वेळी रातबगळे 'क्वॉक क्वॉक' करत मासे धरायला बाहेर पडतात. यातलं देशी किती आणि परदेशी किती, कसं मोजणार? शिवाय उर्वशी आपल्या सीताअशोकाच्याच गोतातली. तिला परकी कसं म्हणू?

तर शेंगेचं बघ. कावळा टोचेल, खार कुरतडेल, उकलून बी पालापाचोळ्यात हरवेल. माळीकाकांशी बोलले. जाळीची पिशवी बांधायला ते तयार आहेत आणि बी हाती आलं तर बागेतच रुजवू म्हणाले. माझाही तोच आग्रह आहे, रोप तिथंच वाढलं पाहिजे. पण रुजवायला तुझा हात हवा. सुरंगीच्या बिया तू कशा जगवल्यास ते मी पाहिलंय. माती कशी घ्यायची, सावली किती, सगळं सविस्तर लिही. फोनवर सांगू नकोस, तू घाईत अर्धं गिळतेस.

आईचे गुडघे तसेच. माझं बीपी गोळीवर ठीक. चिन्मयची बारावी सुटली म्हणे, शाब्बास सांग त्याला. नव्या विहिरीला पाणी लागलं का? भाऊजींना नमस्कार.

आणि खरं सांगू, नुसतं लिहून भागणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत ये. कोकणकन्येचं तिकीट मिळतं का बघ आणि तारीख कळव, म्हणजे माळीकाकांना तसं सांगून ठेवते. पुरणपोळी करीन. या वेळी खाऊन मग भांड.

तुझी,
मंदा