बिरबलाच्या हाती माइक देण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात बिरबलाला ‘देशातला पहिला स्टँड-अप कॉमेडियन’ ही पदवी बहाल केली आहे. लेखाचा सूर असा की सरदार म्हणजे जमिनीचा मालक, गादीला टेकून बसलेला. आणि आजचा कॉमेडियन म्हणजे त्याचाच मोकळाढाकळा वारस, तासभर गप्पा मारून लाखभर घेऊन जाणारा. दोघांत साम्य आहे हे कबूल. पण ते हजरजबाबीपणात नाही आणि ऐषारामात तर नाहीच. ते त्यांच्या मिळकतीत आहे.

आधी बिरबलाचं बघू. मूळ नाव महेशदास. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी याच्या मते तो काल्पीकडचा भाट. अकबराने त्याला राजा केलं, कवी म्हणून मान दिला आणि दोन हजारी मनसब, म्हणजे दरबारातला हुद्दा, दिली. ज्या चुटक्यांवर आपण वाढलो त्यातले बहुतेक पुढच्या काळातल्या लोकपरंपरेचे आहेत. समकालीन बखरकारांच्या नोंदींत दिसतो तो बादशहाचा नोकर, हुकूम झाला की निघणारा. १५८६ च्या सुरुवातीला स्वात-बाजौरमधल्या युसुफझाई पठाणांवर कुमक पाठवायची होती. जायचं कुणी, अबुल फजलने की बिरबलाने, यावर अकबराने चिठ्ठी टाकली आणि ती बिरबलाच्या नावाची निघाली. (ओपन माइकला, म्हणजे कॉमेडियन नवा मजकूर आजमावतात त्या मोकळ्या मंचावर, आजही बादलीतून चिठ्ठी काढून क्रम ठरवतात, पण तिथे जिवाची जोखीम नसते.) पुढे झैन खान कोका, हकीम अबुल फतह आणि बिरबल या तिन्ही सेनानायकांचं आपसात पटेना. परतताना सैन्य अरुंद खिंडीत शिरलं, वरून दगड आणि बाण, त्यात अंधार. जनावरं, माणसं, सामान एकमेकांवर कोसळलं. मोगली बाजूचे सुमारे ८,००० मेले असं सांगतात. बिरबलाचा देहसुद्धा सापडला नाही. तो जिवंत असल्याच्या अफवा पुढे बराच काळ उठत राहिल्या. हा शेवट सरदाराचा आहे, विनोदवीराचा नाही.

आता ‘जमिनीचा मालक’. मराठी वाचकाला तरी वतन आणि जहागीर यांतला फरक नव्याने सांगायला नको. देशमुखी, पाटीलकी ही वतनं. पिढ्यान्‌पिढ्या चालायची, वेळ पडली तर विकलीही जायची. मनसबदाराला मिळायची ती जहागीर, म्हणजे ठरावीक गावांचा सरकारी वसूल पगारापोटी घेण्याचा हक्क, तोही दरबाराच्या मर्जीवर. साधारण तीन-चार वर्षांत बदली ठरलेली. खरिपाचा वसूल एकाने घ्यावा आणि रब्बीच्या आधी दुसऱ्याच्या नावाचं फर्मान यावं, असं चालायचं. जो दोन वर्षांनी जाणार तो विहीर कशाला बांधेल? बर्नियेसारख्या परक्या प्रवाशाच्याही ते नजरेत भरलं होतं.

मनसबीचे आकडे दोन. ‘जात’ म्हणजे स्वतःचा दर्जा आणि पगार, ‘सवार’ म्हणजे बाळगायचे स्वार. सवाराचा आकडा जातीइतका असला तर पहिला वर्ग, निम्मा किंवा त्याहून जास्त असला तर दुसरा, त्याखाली तिसरा. वर्ग उतरला की पगारही उतरायचा. ‘आईन-ए-अकबरी’त पहिल्या वर्गाच्या पंचहजारीचा महिना ३०,००० रुपये आहे. लेखकाचे डोळे इथेच दिपलेले दिसतात. पण त्याच पगारातून हत्ती, घोडे, उंट, खेचरं आणि गाड्या ठरलेल्या संख्येने पोसायच्या होत्या. स्वारांचा हिशेब निराळा. अकबराच्या नियमात दहा स्वारांमागे वीस घोडे: तिघांकडे तीन-तीन, चौघांकडे दोन-दोन, उरलेल्या तिघांकडे एकेक. घोडा दमतो, लंगडतो, मरतो. बदली घोडा नसलेला स्वार मोहिमेत पायदळच.

शिवाय पगार कागदावर दामांत मांडलेला, ४० दामांचा एक रुपया. कागदावरच्या आकड्याला ‘जमा’ म्हणायचं, प्रत्यक्ष हाती आलेल्याला ‘हासिल’. दख्खनमध्ये या दोघांची भेट क्वचितच व्हायची. दुष्काळ, सततच्या स्वाऱ्या, पळून गेलेली कुळं, त्यात जुने फुगवलेले अंदाज. शहाजहानच्या काळात यावर तोडगा निघाला तो महिन्यांच्या मापाचा. कागदावरच्या वर्षातलं सहा महिन्यांइतकंच हाती येत असेल तर ती जहागीर ‘शशमाहा’, आणि त्या मानाने घोडदळाची सक्तीही कमी. त्या नोकरशाहीला बाकी काय म्हणायचं ते म्हणा, पण कागद खोटा पडतो हे तिने कागदावरच मान्य केलं. आजचे आयोजक एवढाही प्रामाणिकपणा दाखवत नाहीत.

कॉमेडियनची जमा आणि हासिल एका काल्पनिक शोवर मांडून पाहू. ८० खुर्च्यांची खोली, तिकीट ३०० रुपये, जाहिरातीत ‘हाउसफुल’. त्यातले २० पास फुकट वाटलेले, विकली गेली ६० तिकिटं: १८,००० रुपये. जागेवाल्याचा वाटा ४० टक्के धरला तर ७,२०० गेले. तिकिटाच्या ॲपचे १० टक्के, म्हणजे १,८००. इन्स्टाग्रामवरची जाहिरात दीड हजार, कॅमेरावाला दीड हजार. उरले ६,०००. चार कलाकार, एक निवेदक, एक आयोजक. माणशी १,०००, आणि रिक्षाभाडं ज्याचं त्याने बघायचं. कंपन्यांच्या कार्यक्रमांत पैसा खरोखर मोठा असतो. पण तिथे १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो, उरलेली रक्कम कित्येक आठवड्यांनी येते, आणि ‘धर्म, राजकारण, आमचे साहेब, आमच्या स्पर्धक कंपन्या’ एवढे विषय आधीच वगळायला सांगितलेले असतात.

‘नुसत्या गप्पा’ हाही गैरसमज. ओपन माइकला चार-पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. तो दिसूनही जो बोलत राहतो त्याला पुढच्या वेळी वेळ मिळत नाही, कारण ती दोन मिनिटं पुढच्याच्या वाट्यातून जातात. प्रत्येक वेळचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं. हशा आला पण तो नेमका कोणत्या शब्दावर आला, त्याच्यानंतर आपण अजून किती बडबडलो, ते मोजायचं आणि छाटायचं. मराठीत इथे एक खास अडचण आहे. क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द आधी येऊन जातो आणि ‘होता’, ‘म्हणाला’ यांच्यात हशा गुदमरतो. ‘मांडव सजला, वऱ्हाड जेवलं, नवरा मात्र झूमवर होता’ यात शेवटचं ‘होता’ घात करतं. ‘मांडव सजला, वऱ्हाड जेवलं. नवरा? झूमवर.’ इथे हशाला मोकळी जागा मिळते. अशी कातरणी करत तासाभराचा दमदार कार्यक्रम उभा राहायला वर्ष सहज जातं, आणि तो एकदा यूट्यूबवर चढला की तिकीट काढून तोच ऐकायला कुणी येत नाही. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात.

खोलीचंही तसंच. साठ माणसं साठ खुर्च्यांत दाटीवाटीने बसली तर हशा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तीच साठ तीनशेच्या सभागृहात विखुरली तर प्रत्येकजण एकटा हसतो, मग लाजून गप्प होतो. म्हणून जाणता आयोजक मागच्या रांगा दोरीने बंद करतो आणि आलेल्यांना पुढे बसवतो. छत बुटकं हवं, प्रेक्षकांवर अंधार हवा, आणि खाण्यापिण्याच्या ऑर्डरी निवेदकाच्या वेळातच उरकायला हव्यात. पंचलाइनला ताटली वाजली की मेहनत पाण्यात.

फसवणुकीची तऱ्हाही दोघांची एक. हजेरीच्या दिवशी विणकर, पिंजारी, सुतार, भाजीवाले अशांना उसने घोडे आणि उसनी खोगिरं देऊन स्वार म्हणून उभं करायचं आणि हजेरी झाली की घरी धाडायचं, ही उमरावांची खोड बदायुनीने चवीने नोंदवली आहे. म्हणून घोड्याला ‘दाग’, म्हणजे डागून केलेली खूण, आणि माणसाचा ‘चेहरा’, म्हणजे अंगावरच्या खुणांसकट वर्णन, दफ्तरात लिहून घ्यायची सक्ती आली. आज फुकट पास वाटून मित्रमंडळी पहिल्या तीन रांगांत बसवतात, त्यांचा हशा रेकॉर्ड करतात आणि ती क्लिप पुढच्या आयोजकाला पाठवतात. तिथे दाग नाही. अनोळखी प्रेक्षकांसमोरची सलग, न कापलेली दहा मिनिटं मागणं हाच आयोजकाला एक उपाय आहे.

दरबारात कोणत्या रांगेत उभं राहायचं याला किती वजन होतं, ते १२ मे १६६६ च्या आग्र्याच्या प्रसंगाने मराठी माणसाला कायमचं ठाऊक आहे. पुरंदरच्या तहानंतर बाल संभाजीराजांना पंचहजारी मिळालेली असताना खुद्द शिवाजी महाराजांना पंचहजारींच्या रांगेत उभं केलं गेलं. रांग हीच तिथली भाषा होती. कॉमेडीच्या लाइनअपमध्ये, म्हणजे कलाकारांच्या क्रमात, त्याची नखाएवढी सावली दिसते, त्याहून जास्त काही म्हणायचं नाही.

बदली मात्र दोघांच्याही पाचवीला पुजलेली. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ‘द हॅबिटॅट’ या कॉमेडीच्या जागेची तोडफोड झाली आणि चालकांनी ती जागा बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथल्या तारखांवर विसंबलेले कलाकार एका रात्रीत ‘बेजागीर’, म्हणजे जहागिरीविना, झाले. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये कॉमेडियन मुनव्वर फारुकी यांना कार्यक्रमातूनच अटक करून नेण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळायला ५ फेब्रुवारी उजाडली. तोडफोड किंवा अटक नसली तरी यूट्यूब, इन्स्टाग्राम या जहागिरीच. कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारं त्यांचं गणित बदललं की वसूल आटतो. ज्याने प्रेक्षकांचे फोन नंबर आणि ईमेल स्वतःच्या वहीत ठेवले, त्याच्याकडे निदान वतनाचा एक तुकडा आहे.

लेखकाला दरबारातला खरा कॉमेडियन हवा असेल तर बिरबलापेक्षा शहाजहानचा उमराव नेकनाम खान पाहावा. उमराव मेला की सरकारी येणं वसूल करण्यासाठी त्याची मालमत्ता खजिन्यात ओढली जायची. मुलाला बापाची मनसब आपोआप मिळत नसे. बर्निये सांगतो की चाळीस-पन्नास वर्षं मोठ्या हुद्द्यांवर राहिलेल्या या म्हाताऱ्याने मरण जवळ आल्यावर सगळी संपत्ती विधवांना आणि गरीब स्वारांना गुपचूप वाटून टाकली. पेट्यांत भरलं जुनं लोखंड, हाडं, झिजलेले जोडे, फाटके कपडे. पेट्या सीलबंद केल्या आणि बजावलं की हे सारं फक्त शहाजहान बादशहांचं. तो गेल्यावर पेट्या भर दरबारात आल्या, बादशहाने सगळ्या उमरावांदेखत तिथल्या तिथे उघडायला लावल्या, आणि मग तडक उठून निघून गेला. उभारणी, दिशाभूल, नेमका प्रेक्षक, आणि पंचनंतर एक शब्दही जास्त नाही. हशा ऐकायला कलाकार तेवढा हजर नव्हता.

आजच्या कॉमेडियनची बाजू इथे सरदाराहून भक्कम आहे. त्याने लिहिलेल्या मजकुरावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, सादरीकरणावर ५० वर्षं सादरकर्त्याचा हक्क. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, शब्दांत उतरलेल्या मांडणीला आहे; म्हणून तारखेनिशी लिहिलेली संहिता आणि रेकॉर्डिंग जपावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. चित्रीकरणाच्या तयार छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द आधीच घातलेले असतात. सही करायच्या आधी ते खोडायला सांगावं, आणि दोन्ही पक्षांनी खोडाखोडीवर सही करावी.

आपले,
दोन नियमित वाचक
(एक मध्ययुगीन महसुलाचा अभ्यासक, एक कार्यक्रम-संयोजक), पुणे