राखीव दोरीविषयी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि धनुष्यबाणाच्या शिकारीला न्यायच्या सामानाची सोबतची यादी मिळाली. परवाना, हंगामाच्या तारखा आणि धनुष्याच्या ताणाची किमान मर्यादा तू स्वतः तपासून घेतली आहेस, तेव्हा त्यांविषयी मी काही लिहीत नाही. मात्र यादीत ‘जादा दोरी – १, नवी’ अशी जी ओळ आहे, ती वाचून मी जरा थबकलो. आक्षेप ‘१’ या आकड्याला आहेच, पण त्याहून अधिक ‘नवी’ या शब्दाला आहे.

बारा वर्षांपूर्वी मीही अशीच एक पाकीटबंद दोरी पिशवीच्या तळाशी टाकून निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भात्यातून बाण काढताना पात्याची धार चढवलेल्या दोरीला ओझरती लागली. आवाजसुद्धा झाला नाही. मुठीच्या वर वीतभर अंतरावर तीन धागे तुटून केसांसारखे उभे राहिले होते, आणि नखाने चाचपल्यावर चौथाही अर्धा कापलेला आढळला. असे धनुष्य ओढता येत नाही, कारण सोडताना दोरी तुटली तर बाणाबरोबर जायची सगळी शक्ती धनुष्याच्या भुजांत, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांतच परतते आणि बाणाशिवाय धनुष्य सोडल्यासारखा हादरा त्यांना बसतो. म्हणून मी ती दोरी उतरवली, नवी चढवली आणि काम झाले असे समजलो.

नवी दोरी ताणाखाली बसत जाते, म्हणजे तिची लांबी थोडी वाढते आणि दोरी व मूठ यांमधले अंतर, ज्याला आपण ब्रेस हाइट म्हणतो, ते कमी होते. सकाळी पावणेआठ इंच असलेले हे अंतर संध्याकाळी सव्वासातवर आले होते. धनुष्य एरवीपेक्षा मोठ्याने वाजू लागले, आणि बाण बसवण्याची खूण मी अंदाजाने बांधली असल्यामुळे बाण शेपूट हलवत जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी पंधरा पावलांवर एक हरिण माझ्यासमोर आडवे उभे राहिले, आणि मी धनुष्य उचलले नाही. बाण कुठे लागेल याची खात्री नसताना तो सोडणे मला योग्य वाटले नाही.

तेव्हा तू दोन राखीव दोऱ्या घे, आणि दोन्ही आतापासून वापरून मुरवून घे. तुझे धनुष्य मुळात माझे, जुने आहे. त्याची टोके आजच्या कमी ताणल्या जाणाऱ्या धाग्यांसाठी मजबूत केलेली नाहीत, म्हणून दोऱ्या डॅक्रॉनच्याच, म्हणजे जरा ताणल्या जाणाऱ्या पॉलिस्टर धाग्याच्याच असाव्यात, आणि धाग्यांची संख्या सध्याच्या दोरीइतकीच असावी. प्रत्येक दोरीने किमान शंभर बाण मार. अंतर कमी झाले तर दोरी उतरवून तिला आणखी पीळ दे. पिळाने दोरी आखूड होते आणि अंतर वाढते. अंतर स्थिरावले, की मगच गुण्या लावून बाणाची खूण बांध आणि आवाज दाबणाऱ्या लोकरीच्या गोंड्यांची जागाही ठरव. बाणाची खाच दोरीवर हलकेच ‘टक्’ करून बसली पाहिजे. घट्ट बसत असेल किंवा आपसूक गळत असेल, तर मधले सर्व्हिंग, म्हणजे दोरीच्या मध्यावर गुंडाळलेला संरक्षक दोरा, त्या मापाने पुन्हा गुंडाळ. मग दोरीला मेण चोळ आणि उतरवताना दोन्ही टोकांचे फासे एकमेकांना सुतळीने बांधून ठेव, नाहीतर पिशवीत पीळ सुटतो आणि मोजलेले सगळे वाया जाते. ब्रेस हाइटचा आकडा चिठ्ठीवर लिहून दोरीसोबतच ठेव. एक दोरी तंबूत आणि दुसरी तुझ्या खिशात असू दे, कारण दोरी तुटते ती तंबूपासून चार मैलांवर.

महाभारतात कर्ण अर्जुनाच्या धनुष्याची दोरी एकामागून एक अकरा वेळा तोडतो, पण अर्जुनाजवळ अशा शंभर दोऱ्या आहेत हे त्याला ठाऊक नसते. लहानपणी मला ते गाण्डिवाचे कौतुक वाटायचे. आता वाटते, की त्या शंभर दोऱ्या आधी मुरवून कोणी ठेवल्या असतील, त्याचे नाव मात्र कोणी सांगत नाही.

दोरी चढवायचा स्ट्रिंगर हा दोरीचाच भाग समज आणि तोही एक जादा घे. तो नसला की माणूस धनुष्य मांडीत अडकवून वाकवतो, आणि त्यात भुजेला कायमचा पीळ बसू शकतो. तुझे धनुष्य सुट्या भागांचे आहे, म्हणून भुजांचा एक जादा बोल्ट आणि त्याची चावी विसरू नकोस. एवढ्याशा बोल्टवाचून सगळी सहल बसून काढलेले लोक मी पाहिले आहेत. बोटांचा टॅब, म्हणजे दोरी ओढताना बोटांवर घालायचा कातड्याचा तुकडा, तोही जादा हवा आणि तोही वापरून मऊ झालेला हवा, कारण भिजलेल्या किंवा कोऱ्या कातड्यावरून दोरी वेगळीच सुटते. सर्व्हिंगचा दोरा, मेणाचा तुकडा, पात्यासाठी कानस, दोन-चार नॉक (बाणाच्या मागे बसवायच्या खाचा) आणि बाणाची टोके बसवायचा गरम करून लावायचा डिंक हे सगळे एका छोट्या डब्यात मावते. भात्याला पाती पूर्ण झाकणारे टोपण हवेच. माझी दोरी कशाने कापली ते वर लिहिलेच आहे.

दुसरे धनुष्य न्यावे का, असे तू विचारले आहेस. जागा असेल तर जरूर ने, पण तुझेच बाण त्यातूनही सरळ जातात की नाही हे आधी पाहा. कमी ताणाच्या धनुष्यावर तोच बाण जास्त ताठ वागतो आणि बाजूला सरकतो. ते जमत नसेल, तर त्या धनुष्यासाठी वेगळे बाण न्यावे लागतील, आणि मग माझ्या मते त्या वजनापेक्षा तिसरी मुरलेली दोरी बरी.

निघण्याआधी एकदा घराबाहेर, थंडीचे हातमोजे घालून, दिव्याशिवाय दोरी बदलून पाहा. नंतर बोथट टोकाचे सहा बाण कुजक्या ओंडक्यावर मार, आणि मारण्यापूर्वीची व नंतरची ब्रेस हाइट मला कळव.

तुझा,
बाबा