‘रक्तातच आहे’ म्हणणं आता बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका लग्नात जुन्या शाळेतल्या एक बाई भेटल्या, जेवताना जुन्या पोरांच्या गप्पा निघाल्या आणि एकाचं नाव घेतल्याबरोबर त्या म्हणाल्या, “अहो, रक्तातच होतं त्याच्या, खाण तशी माती.” मी गप्प बसले कारण समोर पाहुणे होते, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तो पोरगा माझ्याकडे तिसरीला होता. वडील दारू पिणारे, आजोबाही तसेच, गावाला सगळं माहिती. पोरगा मारामाऱ्या करायचा, एकदा कंपासपेटी उचलली. आमच्या स्टाफरूममध्ये निकाल लागूनच गेला होता, दारुड्याचं पोर, दुसरं काय होणार. खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग एक दिवस हजेरीपट भरताना लक्षात आलं की हा मारामारी करतो ती बहुतेक मंगळवारी. सोमवारी आमच्याकडे बाजार, त्याच दिवशी मजुरांचा पगार, म्हणजे सोमवारी रात्री त्या घरात काय होत असेल ते सांगायला नको. पोरगा मंगळवारी न झोपलेला आणि उपाशी यायचा. मधल्या सुट्टीची खिचडी पोटात गेली की दुपारी तोच पोरगा शांतपणे पाढे लिहीत बसायचा. रक्त तर मंगळवारचं आणि गुरुवारचं एकच असतं ना?

पुढे त्याच्या आत्याने त्याला बार्शीला नेलं, मोठा भाऊ बापाजवळच राहिला. आज धाकटा वायरमन आहे, स्वभाव अजूनही तापटच, एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, म्हणजे जे उपजत होतं ते गेलेलं नाहीच, पण खांबावर चढायच्या कामात ती धडपड त्याच्या उपयोगाला आली. दारूला शिवत नाही. मला म्हणाला, “बाई, मी बापाचा पोरगा आहे, मला एक पेग परवडणार नाही.” थोरला मात्र पितो. एकाच आईबापाची दोन पोरं.

आता दोन पोरांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मलाही कळतं, थोरला जन्मतःच वेगळा असेल असंही कुणी म्हणेल. म्हणून रिटायर झाल्यावर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं.

१९५८ मध्ये कॅनडात कूपर आणि झुबेक या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. भूलभुलैयातून पटकन वाट काढणारे ‘हुशार’ आणि सारखे चुकणारे ‘मठ्ठ’, असे पिढ्यानपिढ्या वेगळे वाढवलेले उंदीर त्यांनी घेतले, म्हणजे हुशारी आणि मठ्ठपणा अगदी रक्तातला. साध्या पिंजऱ्यात वाढले तेव्हा हुशारांच्या चुका साधारण ११७ आणि मठ्ठांच्या १६४, फरक सरळ दिसतो. मग काही पिल्लं बोगदे, उतार, आरसे, चेंडू, झोके असलेल्या पिंजऱ्यात वाढवली, तर हुशारांच्या १११ आणि मठ्ठांच्या १२०, म्हणजे मठ्ठ जवळजवळ बरोबरीला आले! आणि जी पिल्लं नुसतं खाणंपाणी ठेवलेल्या रिकाम्या पिंजऱ्यात वाढली, त्यांत दोघांच्याही चुका १७० च्या आसपास. रिकाम्या पिंजऱ्याने हुशार उंदीरही मठ्ठ करून ठेवला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आमच्या शाळेतल्या गळकं छप्पर असलेल्या, एकही चित्र नसलेल्या त्या वर्गखोल्या डोळ्यासमोर येत राहिल्या.

आणि दारूचंच बघा. दारूच्या व्यसनात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असं जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून निघतं. लोक हे वाचून समजतात की दारुड्याच्या पोराला दारू लागायचा चान्स ५० टक्के. तसा अर्थ अजिबात नाही. तो आकडा एखाद्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याबद्दलचा आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं, आणि परिस्थिती बदलली की तो आकडासुद्धा बदलतो. जपानमध्ये बऱ्याच लोकांच्या जीनमध्ये असा एक बदल आहे की दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, मळमळतं, त्यामुळे अशी माणसं सहसा व्यसनी होत नाहीत, निसर्गाने दिलेली ढालच म्हणा. पण तिथल्या व्यसनी रुग्णांमध्ये आईकडून किंवा वडिलांकडून हा बदल मिळालेले लोक १९७९ मध्ये जेमतेम अडीच टक्के होते, ते १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत काही जपान्यांचे जीन बदलले नाहीत, बदललं ते भोवतालचं पिणं, ऑफिस सुटल्यावर साहेबाबरोबर बसावंच लागणं वगैरे. ढाल तीच होती पण मारा एवढा वाढला की ती पुरी पडेना. आता हाच हिशोब उलटा करून बघा, ज्या पोराला बापाकडून ढालीऐवजी कमजोरी मिळालीय त्याच्या शाळेच्या रस्त्यावर आपण दारूचं दुकान उघडू देतो आणि नंतर म्हणतो रक्तातच होतं.

मी मंगळवेढ्याकडच्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे बी मोठं की रान मोठं असा वाद कुणी घालत नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ सांगतं की हलक्या रानात फुले अनुराधा पेरा, भारी रानात फुले वसुधा. वसुधा वाईट म्हणून नाही, मुरमाड रानात पाण्याचा ताण पडला की तिचं कणीस भरत नाही आणि काळ्या रानात तीच अनुराधाला मागे टाकते. म्हणजे कुठलं बी चांगलं हे रान विचारल्याशिवाय सांगताच येत नाही. वडील तर ढेकूळ हातात फोडून बघायचे आणि मग बियाणं घ्यायला जायचे, एवढी काळजी आपण ज्वारीची घेतो.

सोलापूरच्या लोकांना तरी हे मी सांगायला नको खरं तर. इंग्रजांनी १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करायची सोय केली. त्यामागचा तर्क काय होता? सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार! मग पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींची नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय हलू द्यायचं नाही. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिथली माणसं गिरणीत राबायची आणि परत कुंपणात यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, विमुक्त हा शब्द आला. पण रानं, शिकार, व्यापाराच्या वाटा काढून घेतल्या, कुंपणात पोरं वाढवली, कुणी काम देईना, आणि मग चोरी झाली तर ती रक्तातली? हे कुठलं विज्ञान? आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीवर जाते. आणि संपादक साहेब, तुमच्याही पेपरमध्ये चोरीच्या बातमीत आरोपींची जमात मथळ्यात येते, ती कृपा करून थांबवा. त्याच वस्तीतली पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत येतात आणि वर्गातली बाकीची पोरं तो पेपर वाचून आलेली असतात.

आता कुणी म्हणेल बाई सगळं परिस्थितीवर ढकलतायत. तसंही नाही. माझ्या शेजारच्या मुलीचा मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. तिला एका शाळेत तोंडावर सांगितलं, तुम्ही नोकरी करता, मूल मोबाइलवर सोडलंत, संस्कार कमी पडले. तिने नोकरी सोडली, वर्षभर स्वतःला दोष देत रडत होती. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात डॉक्टरसुद्धा असंच म्हणायचे, आई थंड स्वभावाची म्हणून मूल असं झालं, त्या आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्दच होता. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास आला आणि ऑटिझममध्ये अनुवंशाचा हात किती मोठा आहे ते कळायला लागलं, तोवर कितीजणींनी ते ओझं वाहिलं असेल. इथे जन्मजात काय आहे ते मान्य करणं म्हणजेच त्या आईवर दया करणं, आणि त्या पोराला थेरपी, कमी गोंगाटाचा वर्ग, समजून घेणाऱ्या बाई मिळाल्या तर त्याचा दिवस बदलतो हेही तितकंच खरं. ते मूल आता आठ वर्षांचं आहे, प्रेशर कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली जातं, आणि त्याची आई गॅस बंद करून त्याच्याशेजारी फरशीवर आडवी होते. तिला संस्कार शिकवणारे आपण कोण?

म्हणजे गरिबाच्या पोराचं बिघडलं की रक्त, आणि नोकरी करणाऱ्या बाईच्या पोराचं वेगळं दिसलं की संस्कार. दोन्हीकडे बोलणारा मोकळा सुटतो, त्याला काहीच करावं लागत नाही, याचा मला जास्त राग येतो.

त्या वायरमन पोराचा मुलगा यंदा पहिलीत गेलाय. आजोबा, पणजोबा सगळ्यांना माहिती आहेत, त्यामुळे शाळेत कुणीतरी तेच वाक्य म्हणणार, मला धास्ती आहे. माझ्या जागी आता जे शिक्षक आहेत त्यांना तुमच्या पेपरमधून एवढीच विनंती करायची आहे, प्रगतिपुस्तकात वर्तनाची नोंद लिहायच्या आधी एकदा हजेरीपट काढून बघा आणि गावचा बाजार कुठल्या वारी असतो तेही विचारून घ्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सोलापूर