काकूंच्या गोळ्यांची पिशवी

सातारा
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय शहाणे,

सात महिने झाले, तुला ओळ नाही. तुझी दोन पत्रं आणि एक चिडका फोटो, तिन्ही टेबलावर समोर आहेत. रागावली असशील तर राग, पण पूर्ण वाचून मग राग. माझी तब्येत ठीक. शुगर काठावर, गुडघा कुरकुरतो, पुढे चला.

मेसवाल्या काकूंबद्दल लिहायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, वय झालं, चालायचंच. तू तसं म्हणणार नाहीस. तू म्हणशील, "मी सांगितलं होतं." तेही एकदा म्हणून घे.

काकू तीन आठवड्यांपूर्वी पहाटे न्हाणीघरात पडल्या. हाड शाबूत, कपाळाला टेंगूळ. त्यांच्या मुलाने, बाळ्याने बोलावलं म्हणून गेले, तर काकू पलंगाच्या कडेला बसलेल्या, चेहरा मुखवट्यासारखा, आणि मला बघून "बाई, तुम्ही कोण?" आपल्या काकू! पन्नास पोरींची मागची बाकी तोंडपाठ असणाऱ्या. बाळ्याने उशीखालची पिशवी ओतली. चौदा औषधं. ॲसिडिटीच्या एकाच जातीच्या दोन गोळ्या, एक रॅबेप्राझोल, एक पँटोप्राझोल.

मी ती पलंगावर मांडली, पण तुझ्या पद्धतीने नाही, आजारवार नाही. तारीखवार. बाळ्याकडची केमिस्टची बिलं, जुन्या चिठ्ठ्या, फायली, सगळं जुळवलं. प्रत्येक औषधापुढे चारच गोष्टी: कधी सुरू झालं, कुणी दिलं, कशासाठी, आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत नवीन काय सुरू झालं होतं. शेवटच्या रकान्याने घाम फोडला.

ओळीने वाच. गुडघ्यासाठी शिबिरात वेदनाशामक एसिक्लोफिनॅक मिळालं, १०० मिलिग्रॅम दोनदा, पंधरा दिवसांसाठी. ते केमिस्टकडून चौदा महिने चालू राहिलं. दोन महिन्यांनी बीपी १६४. मग बीपीचं अम्लोडिपिन ५ चं १०. सहा आठवड्यांनी घोट्यांना सूज, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी लघवीची गोळी, टोरसेमाइड. मग रात्री पाच वेळा उठणं, म्हणून तिसऱ्यांनी मूत्राशयाची सोलिफेनासिन, तीही १०. त्याने तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, पोटात गॅस, म्हणून रॅबेप्राझोल-लेवोसल्पिराइडची कॅप्सूल. चार महिन्यांनी पाय घासत चालणं, हात थरथरणं, म्हणून कंपवाताचं लेवोडोपा. मग विसरणं, संध्याकाळी भिंतीवर माणसं दिसणं, म्हणून स्मृतिभ्रंशाचं डोनेपेझिल. झोप नाही म्हणून अल्प्राझोलाम ०.२५. बाकी बीपीचंच टेल्मिसार्टन, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व.

अम्लोडिपिन ५ चं १० कुणी केलं, ओळखलंस ना? अक्षर माझं. बीपी बघितलं, गोळी वाढवली, आणि "गुडघ्याला काय घेता?" हा एक प्रश्न विचारला नाही. एसिक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडात मीठ-पाणी अडवतात, बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टनचा जोरही कमी करतात. दुसऱ्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. मी परीक्षेला विचारतेसुद्धा.

आता तुझं ते भांडण. तू स्टॉपची यादी पाठवायचीस, म्हाताऱ्यांना टाळायच्या औषधांची, तुमच्या आयर्लंडमधल्या कॉर्कवाल्यांची, २००८ ची, मग २०२३ ची तिसरी आवृत्ती, आणि मी म्हणायचे, तुमच्याकडे माणशी अर्धा तास, इथे ओपीडीत माणशी चार मिनिटं, यादी कुठे बघू? ते अजूनही म्हणेन. पण दुसरं म्हणणं आज जास्त ठामपणे मांडते: परक्या यादीत आपले चोर सापडत नाहीत. अमेरिकेतल्या बीअर्सच्या तशाच यादीत उलटीचं मेटोक्लोप्रमाइड आहे, लेवोसल्पिराइड नाही, कारण तिथे ते बाजारातच नाही. आपल्याकडे गॅसची कॅप्सूल म्हणून घरोघर. प्रत्यक्षात ते मेंदूतलं, हालचाली सांभाळणारं डोपामिन अडवणारं औषध, दर कॅप्सूलमध्ये बहुधा ७५ मिलिग्रॅम. चक्करीच्या सिनारिझिनचं तेच. म्हातारी व्यक्ती पाय ओढू लागली की आपण कंपवात म्हणतो, कॅप्सूलकडे कुणी बघत नाही.

आणि हे नवीन नाही. मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्या म्हाताऱ्यांना पुढे लेवोडोपा सुरू होण्याची शक्यता तिप्पट असते, हे ॲव्हॉर्न, गुरविट्झ मंडळींनी १९९५ साली दाखवलं. १९९७ साली रोशन आणि गुरविट्झ यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या साखळीला 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हटलं: औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध. आपण तेव्हा काकूंच्या मेसमध्ये उधारीवर जेवत होतो.

बरं, पुढचं. काकूंना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, १४८. उभं करून एका मिनिटाला १२२, तिसऱ्याला ११६. वीसची घट पुरते, इथे बत्तीस. पडल्या यात नवल नाही. तिसऱ्या मिनिटापर्यंत उभं करणं लोक टाळतात आणि तिथेच सापडतं. नाडी ५२, डोनेपेझिलची कृपा. मूत्रपिंडासाठी बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन १.१, लॅबच्या कागदावर नॉर्मल, शेजारी तारासुद्धा नाही. ७९ वर्षं, ४६ किलो. मूत्रपिंड किती गाळतं त्याचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र मांड: १४० वजा वय ६१, गुणिले ४६, भागिले ७२ गुणिले १.१, येतात ३५.४; बाई म्हणून ०.८५ ने गुण, ३०. म्हातारपणी स्नायूच उरत नाहीत, मग क्रिएटिनिन वाढणार कशातून? तीसच्या खाली सोलिफेनासिन ५ च्या वर द्यायचं नसतं. काकू तीसच्या काठावर, घेत होत्या १०. शिवाय एसिक्लोफिनॅक, टेल्मिसार्टन आणि टोरसेमाइड एकत्र! एक मूत्रपिंडात येणारी रक्तवाहिनी आवळतं, दुसरं जाणारी सैल करतं, तिसरं पाणीच काढून घेतं. सर या तिकडीला काय म्हणायचे ते इथे लिहवत नाही.

सगळ्यात जास्त झोप घालवली ती बंद करण्याच्या क्रमाने. तुझा तो निळा स्वेटर आठवतो? उसवताना शेवटच्या टाक्यापासून उसवतात. इथे उलटं, पहिल्या टाक्यापासून. आधी सोलिफेनासिन काढलं आणि टोरसेमाइड चालू राहिलं तर रात्री अंथरूण ओलं, आणि घरचे म्हणणार, "बघा, गोळी बंद केली आणि त्रास वाढला," की दुसऱ्या दिवशी गोळी परत. टोरसेमाइड आधी काढलं आणि अम्लोडिपिन १० राहिलं तर घोटे फुगणार. अम्लोडिपिनची सूज म्हणजे काही अंगात पाणी साठलेलं नसतं. धमन्यांची टोकं सैल, शिरा तशाच, मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी झिरपतं. लघवीची गोळी तिथे काय करणार? नुसती तहान आणि चक्कर.

म्हणून पहिल्या दिवशी एसिक्लोफिनॅक बंद. त्याऐवजी पॅरासिटामॉल ५०० तीनदा, ४६ किलोला तेवढंच, आणि गुडघ्याला मलम. त्याच दिवशी लेवोसल्पिराइडही बंद. एका वेळी एकच औषध हा नियम मी इथे मोडला, कारण दोन्ही वेगळ्या साखळ्यांची मुळं आहेत आणि दोन्ही थांबवण्यात अडचण नाही. चौथ्या दिवशी अम्लोडिपिन १० चं ५. मग टोरसेमाइड निम्मं, आठवड्याने बंद. त्याआधी हृदय तपासलं, पंपिंग चांगलं, नाहीतर हात लावला नसता. बाळ्याने रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करायचं. आठवड्यात दोन किलो वाढलं किंवा आडवं झोपल्यावर दम लागला तर रात्रीसुद्धा फोन. टोरसेमाइड बंद झाल्यावर चार दिवसांनी सोलिफेनासिन काढलं. ते थांबून आज पाच दिवस. रात्री दोनदाच उठतात.

लेवोडोपाला हात लावलेला नाही. ते झटक्यात बंद करायचं नसतं, ताठरपणा आणि ताप येऊन माणूस आयसीयूत जाऊ शकतो. डोनेपेझिललाही अजून हात लावलेला नाही. अल्प्राझोलाम शेवटी, दर दोन आठवड्यांनी पाव भाग कमी, अडखळल्या तर थांबून मग पुढे. बाळ्याला तीनदा बजावलंय, एकही गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, झोपेची तर नाहीच, फिट येऊ शकते. कॅनडातल्या क्वेबेकचा तो एम्पॉवर प्रयोग तूच पाठवला होतास, २०१४ चा: म्हाताऱ्यांच्याच हातात माहितीपुस्तिका दिली तर सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी झोपेची गोळी सोडली, न दिलेल्यांत ५ टक्क्यांनी. मी तेव्हा हसले होते. आता तशी पुस्तिका मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायला घेतलीये. पहिलं वाक्यच जमत नाही, कारण आपल्या लोकांना "ही गोळी धोक्याची आहे" म्हटलं की ते चौदाच्या चौदा फेकतात, टेल्मिसार्टनसकट.

ॲस्पिरिनही काढलं. काकूंना ना झटका, ना स्टेंट. ॲस्प्री या ॲस्पिरिनच्या प्रयोगात १९,११४ निरोगी ज्येष्ठांत १०० मिलिग्रॅमने धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले, वर्षाला हजारी ६.२ चे ८.६. तो प्रयोग सुरू करण्याबद्दल होता, बंद करण्याबद्दल नाही, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणते.

आणि तू फार खूश होऊ नकोस. म्हाताऱ्यांची औषधं छाननी करून कमी करण्याचा तो ऑपेरम प्रयोग आठवतोय ना, तुमचं कॉर्कही त्यात होतं. दोन हजार आठ रुग्ण, इतकी छाननी, नको ती औषधं कमी झाली, पण औषधांपायी पुन्हा इस्पितळात येणं २१.९ टक्के विरुद्ध २२.४. फरक नाहीच म्हण. मला वाटतं, कागदावर शिफारस लिहून दिली की काम संपत नाही. त्यानंतरचे सहा आठवडे कुणीतरी काट्यावरचा आकडा विचारत राहावा लागतो.

आता खरी बोच. चेहरा थोडा हलतोय, पाऊल उचललं जातंय. पण लेवोसल्पिराइडचा ताठरपणा उतरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि काहींचा उतरतच नाही, कारण कंपवात आतून सुरू झालेला असतो आणि औषध त्याला फक्त उघड्यावर आणतं. विसरणं गोळ्यांचं की मेंदूचं? भारतात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के धरलाय, म्हणजे दुर्मीळ नाही, आणि काकू एकोणऐंशीच्या. तीन महिने तरी निदान लिहायचं नाही असं ठरवलंय. बाळ्या रोज विचारतो, "आई बरी होणार ना?" आणि मी वजन विचारते.

त्याला अजून सांगितलेलं नाही की बीपीची गोळी वाढवणारी मीच. काकूंना सांगावं का? आज त्या मला नावाने हाक मारतात, संध्याकाळी पुन्हा "बाई" म्हणतात. सकाळी सांगावं तर संध्याकाळी त्या विसरतील, मग ते सांगणं झालं की नाही? बाळ्याला सांगितलं तर तो माझ्यावरचा विश्वास सोडून त्या तिसऱ्या डॉक्टरांकडे जाईल, तिथे जुन्या फायलीवरून सगळं परत सुरू होईल. फायलीवर लाल शाईने 'बंद, का आणि कधी' असा कागद चिकटवलाय, पण फायली कोण वाचतं. की ही माझीच पळवाट? खरं सांग. मागच्या वेळी तू खरं बोललीस तेव्हा दोन वर्षं बोलणं बंद होतं, ते माहीत असून विचारतेय.

तुझं काय? घराचं छप्पर गळायचं थांबलं का? लेकीचा निकाल लागला असेल, पेढे पोस्टाने येत नाहीत, मी समजून घेते. तुझ्या पाठीचं तू काहीच कळवत नाहीस. थंडीत सायकलवर जाऊ नकोस.

एक काम कर. काकूंचा ईसीजी वेगळा पाठवतेय. नाडी ५२, पीआर, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खालच्यांत ठोका पोचायचा वेळ, मला लांब वाटतो. डोनेपेझिल तीन महिने थांबून काढायचं, की आत्ताच कमी करायला घ्यायचं, तेवढं लिही. फोन करू नकोस, फोनवर तू जिंकतेस.

तुझी,
खोली नंबर १७